पोट भरलेले मासे

या अंकात कामाचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण तीस-तीस वर्षं नोकरी करून मोकळे झालेले असतात. मी अजून विद्यार्थीच आहे, आणि काम करायला लागून मला जेमतेम पाच वर्षं झाली आहेत. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या संपादक काकूंना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला पॉटलक जेवणाच्या रांगेत गाठलं.

"अगं, दरवर्षी सॉफ्टवेअरवालेच लिहितात. सर्व्हर डाउन झाला, सगळे घाबरले, मग सर्व्हर अप झाला. तू माशांचं लिही."

"काकू, माझ्या गोष्टीत मीच चुकले आहे."

"मग तर लिहीच," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बटाटेवडा ठेवला.

तर लिहिते. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा ठिकाणी आपण बोलावं की नाही, हे मला अजून नीट कळत नाही.

माझं काम म्हणजे, छोटा मासा काय खातो ते शोधून काढणं. माझं विद्यापीठ आहे त्या पिस्कॅटवेहून तासाभराच्या अंतरावर समुद्राकाठी खाऱ्या पाण्याची दलदल आहे. तिथल्या नाल्यांमध्ये बोटाएवढा, हिरवट-तपकिरी मासा असतो. इथले लोक तो गळाला लावतात, मोठा मासा पकडायला. खात कोणी नाही. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खात नाही तं पकडता काहून?"

मासा काय खातो ते त्याचं पोट कापून कळेल, असं वाटेल. कळतंही, पण फक्त शेवटचं जेवण. एखाद्या पाहुण्याला लग्नात श्रीखंड खाताना पाहिलं म्हणून तो रोज श्रीखंड खातो असं म्हणता येत नाही, तसंच हे. माशानं गेले दोन-तीन महिने काय खाल्लं हे त्याच्या मांसात असतं. ते वाचायचं कार्बनवरून. कार्बन दोन तऱ्हेचा असतो, एक साधा आणि एक किंचित जड. दोन्ही टिकाऊ, किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, हे रूममेटला सांगून मी थकले आहे. मका, ज्वारी, ऊस आणि खाऱ्या दलदलीतलं गवत यांच्या अंगात जड कार्बन थोडा जास्त असतो. भात, गहू, बहुतेक झाडं आणि पाणथळीतला उंच बोरू यांच्यात कमी. जो ज्यावर वाढतो त्याच्या अंगात त्याचीच खूण उतरते. गवताची खूण गवतावरच्या किड्यात, किड्याची माशात.

ती खूण वाचायला माशाच्या पाठीतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, भट्टीत वाळवायचा, खलात कुटून पीठ करायचं. त्यातलं खसखशीच्या दोन-तीन दाण्यांएवढं पीठ कथलाच्या इवल्या वाटीत घालायचं आणि दोन चिमट्यांनी वाटी दुमडून तिची गोळी करायची. मशीन ती गोळी जाळतं आणि निघालेल्या वायूत जड कार्बन किती ते सांगतं. वाटी फाटली की पीठ गेलं, आणि शिंक आली तर सकाळ गेली. करंजीला मुरड घालणाऱ्या बायकांना हे काम पहिल्या दिवशी जमेल. मला दोन महिने लागले.

या कामामुळे मंडळात मला एक गिऱ्हाईकही मिळालं. गणपतीच्या आरतीनंतर पुण्याचे एक काका माझ्याजवळ आले. आयटीत मोठे आहेत, नाव सांगत नाही. त्यांच्या हातात मधाची बाटली.

"तू कार्बन टेस्टिंग करतेस ना? मग हा मध चेक करून दे. इंडियन स्टोअरमधनं घेतला. वर प्युअर लिहिलंय, पण मला डाउट आहे."

त्यांची कॉलेजातली मुलगी शेजारी उभी होती. "डॅड, शी स्टडीज फिश. डोन्ट बी वीअर्ड."

"मासा काय आणि मध काय, कार्बन तो कार्बन," काका म्हणाले.

गंमत म्हणजे काकांचं बरोबर होतं. मधात मक्याचा पाक मिसळला असेल तर तो असाच पकडतात, कारण फुलं एका तऱ्हेची आणि मका दुसऱ्या. मी आमच्या प्रोफेसर मार्गारेट यांना घाबरत विचारलं. त्या हसल्या, आणि मशीनच्या एका फेरीत जागा उरली होती तिथे मध बसवू दिला. मध शुद्ध निघाला. हे ऐकून काकांचा चेहराच पडला.

"नक्की? मशीन कॅलिब्रेट केलं होतं ना?"

"हो काका."

"मी त्या दुकानदाराशी भांडून आलोय यार. आता सॉरी म्हणावं लागणार."

अशा गोष्टी मी आईला फोनवर सांगायचे. आई भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. आम्ही ढिवर, तलावातले मासे धरणारे. बाबा मी शाळेत असतानाच गेले. नंतर आईनं घर चालवलं ते उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की निघणाऱ्या बारीक माशांवर. पुरुष जाळं ओढतात, बायका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे निवडून वाळत घालतात. त्यांची होते सुकसी. मार्च ते मे पाळ मैलभर चांदीसारखी दिसते. इथे आल्यापासून चार वर्षं मी ती पाळ पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी व्हिसाची भीती, मग उन्हाळ्यातलं काम. दलदलीतला मासा पकडायचा तो मे ते सप्टेंबर, आणि आमची पाळ संपते मे महिन्यात.

पाचव्या वर्षाच्या दिवाळीत आई म्हणाली, "येवढा उनाळा करतो, मंग बंद. गुडघे नाही म्हनते. दादा नागपुरले नेतो मनते."

त्या दिवशी मी ठरवलं की काहीही झालं तरी या मे महिन्यात जायचं. दोन उन्हाळ्यांचे मासे पकडून झाले होते, गोळ्या जळून झाल्या होत्या, पेपर अर्धा लिहून झाला होता. मार्गारेट म्हणाल्या, "फेब्रुवारीत पाठवून टाकू. मग तू दोन महिने घरी जा." सेमिस्टर संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं तिकीट मी काढलं. आईला सांगितलं, की शेवटचे पंधरा दिवस मी तुझ्याबरोबर पाळीवर बसणार. ती म्हणाली, "बसता येते का तुले अजून?" पण खूश होती. शेजारणीला सांगताना मला फोनमध्ये ऐकू आलं.

आता पेपरात काय होतं ते सांगायला हवं. त्या दलदलीतला एक नाला उंच बोरूनं भरून गेला होता. गावानं बोरू काढून तिथे पूर्वीचं खारं गवत लावलं. आमचा प्रश्न एवढाच होता, की नाल्यातले मासे नव्या गवतावर पोसतात का? गवताची खूण जड, बोरूची हलकी, त्यामुळे उत्तर स्वच्छ मिळायला हवं होतं. आणि मिळालं. दोन्ही उन्हाळ्यांत माशांच्या अंगात गवताची खूण जवळजवळ नव्हती. म्हणजे लावलेलं गवत दिसायला छान, पण माशांच्या उपयोगाचं नाही. शेजारच्या नाल्यावर गवत लावायचं की नाही, हे गाव आमचा पेपर पाहून ठरवणार होतं.

जानेवारीत मी पद्धतीचा भाग लिहायला बसले. आमची पद्धत सोपी होती. ओहोटीला जाळं ओढायचं, मासे बादलीत टाकायचे, आणि न बघता हाताला येतील ते पहिले तीस पिशवीत भरायचे. बाकीचे पाण्यात सोडायचे. नेमके शब्द सुचेनात म्हणून मी एक व्हिडिओ लावला. मार्गारेटनी विभागाच्या वेबसाइटसाठी मी काम करताना फोनवर काढला होता. दोन मिनिटांचा आहे. मी गुडघाभर चिखलात, समोर बादली, हात भराभर चालतायत.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी माझी टोपी किती वाईट दिसते ते पाहत होते. दुसऱ्यांदा पाहताना माझा डावा हात दिसला.

पाळीवर ढिगाभोवती बसलेल्या बायका मासा डाव्या हातानं उचलतात आणि अंगठ्यानं त्याचं पोट दाबतात. पोट चपटं असेल तर मासा पुढे, चटईवर. पोट भरलेलं असेल तर मागे, कोंबड्यांना. भरल्या पोटाचा मासा आतून आधी सडतो आणि शेजारच्यांनाही नासवतो. हे कोणी शिकवत नाही. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईशेजारी बसायचे, हात आपोआप शिकला.

व्हिडिओत माझा डावा हात मासा उचलत होता, अंगठा दाबत होता, आणि टम्म पोटाचे मासे बाजूला नाल्यात टाकत होता. माझी नजर त्या वेळी भलतीकडे, पाण्याकडे. म्हणजे न बघता काम चाललं होतं, पद्धतीत लिहिलंय तसंच. दोन मिनिटांत अकरा मासे मी परत टाकले.

मी तो व्हिडिओ बंद केला. मग पुन्हा लावून पुन्हा मोजले.

हे दुसऱ्या कोणाच्याच लक्षात आलं नसतं. पाहणाऱ्याला ते कौशल्य वाटतं. वेबसाइटवर खाली कोणी तरी 'अमेझिंग हँड्स' असं लिहिलंही होतं. मी दोन दिवस गप्प राहिले. खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत मी स्वतःची बरीच समजूत घातली. पोट भरलेलं असणं म्हणजे शेवटचं जेवण, आणि आपण तर मांस पाहतो, मग काय फरक पडतो? पण भरतीला गवतात चढून खाणारे मासेच ओहोटीला पोट भरून परतत असतील तर? मग मी दोन वर्षं नेमके गवतावरचे मासे परत टाकत होते. आणि पोट रिकामं असलेले, नाल्यातच राहणारे मासे मोजून म्हणत होते, की गवत काही कामाचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मार्गारेटच्या खोलीत गेले. त्यांना नावानं हाक मारायला मला दोन वर्षं लागली होती. त्या दिवशी तोंडातून पुन्हा "मॅडम"च निघालं. व्हिडिओ दाखवला, अंगठा दाखवला, आईचं काम सांगितलं. त्यांनी तो तीनदा पाहिला.

"किती वेगानं करतेस तू," त्या पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "दोन्ही उन्हाळे?"

"हो."

"टाकलेले मोजलेस का कधी?"

"टाकते आहे हेच माहीत नव्हतं."

त्यांचीही दोन वर्षं त्यात होती. मग त्यांनी ड्रॉवरमधून भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. गवत पाण्याखाली जाईल अशी मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेलाच येते. गाव आमच्या उत्तरासाठी थांबलं होतं, म्हणून मे महिन्यातल्याच त्या दोन्ही आठवड्यांभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल काढले.

"तुझं तिकीट मेचं आहे ना?"

"बदलता येतं," मी म्हटलं. तिकीट बदलता येत होतंच.

खोलीच्या दाराशी त्या म्हणाल्या, की मे महिन्यात मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवते, तू जा. मी नाही म्हटलं. शहाणपणा म्हणून नाही. तो हात माझा होता, आणि त्याला बाजूला बसवून दुसऱ्यानं मासे पकडले असते तर मला पुन्हा कधी स्वतःवर विश्वास ठेवता आला नसता. आजही कधी कधी वाटतं, की जायला हवं होतं.

आईला रविवारी सकाळी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती.

"आई, मी पोटवाले मासे फेकत होती."

"मंग? फेकाच लागते. ठेवले तं सारी सुकसी नासवते."

"इथं नव्हते फेकायचे."

"तुले कोनं सांगतलं नाही काय?"

"सांगितलं होतं."

"मंग चूक तुहीच आहे," आई म्हणाली. तिनं कधीच काही मऊ करून सांगितलेलं नाही. मग तिनं विचारलं, "पुन्हा पकडा लागन?"

"हो."

"मे मयन्यात?"

"हो आई."

"बरं," ती म्हणाली. "जेवली काय तू?"

मे महिन्यात मी पुन्हा त्याच नाल्यात उतरले. या वेळी मार्गारेटनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक माशाची नोंद करायची होती, पोट भरलेलं की रिकामं, आणि दोन्ही तऱ्हेचे घ्यायचे होते. पहिल्या दिवशी डावा हात इतका मागे जायचा की मी तो खिशात घालून एका हातानं काम केलं.

महिनाअखेरच्या पौर्णिमेला सकाळी साडेआठला फोन वाजला. दादा आईला न्यायला गावी आला होता. त्यानं व्हिडिओ कॉल लावला होता. आई पाळीवर बसलेली, समोर शेवटचा ढीग.

"कुठी आहेस?" तिनं विचारलं.

"चिखलात."

"मीबी." ती हसली. "दाखव तुहे मासे."

मी बादली फोनसमोर धरली.

"हे? येवढ्याशा माशासाठी येवढी शिकली?" मग तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "दोनदा पानी येते-जाते मनतेस तिथं. कोन सोडते?"

"कोणी सोडत नाही. चंद्रामुळं होतं."

"बरं काम आहे. आमच्या तलावाले तं कोनी पुसत नाही." बोलता बोलता तिचे हात चाललेच होते. मासा उचल, अंगठा, पुढे. मासा उचल, अंगठा, मागे. मी बघत राहिले. तिलाही ते कळलं असावं, कारण ती जरा सावकाश करायला लागली.

"दादा, पाळ दाखव ना," मी म्हटलं. "पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

दादानं फोन फिरवला. पण समोर मावळतीचा सूर्य होता, आणि स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड आला. चटया नाही, मासे नाहीत, पाणी नाही. तो सावकाश फोन फिरवत राहिला.

"दिसली काय?" आईनं मागून विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. "दिसली आई, सगळी."

"यंदा बरी आहे, नाही?"

"खूप छान आहे."

माझ्या पायाशी पाणी परत फिरायला लागलं होतं. जाळं पुन्हा ओढायची वेळ झाली. आई म्हणाली, "जाय, कर तुहं काम," आणि फोन बंद करायला दादाला सांगायच्या ऐवजी तिनं ओल्या बोटानं स्वतःच दाबला. स्क्रीन काळा व्हायच्या आधी मला कॅमेऱ्यावर आलेलं तिचं मोठं, धूसर बोट दिसलं.

उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं. एकाच नाल्यात दोन तऱ्हेचे मासे निघाले. काही नाल्यातच राहतात, त्यांच्या अंगात गवताची खूण नाही. काही भरतीबरोबर गवतात चढतात आणि पोट भरून परततात, त्यांच्या अंगात ती खूण ठसठशीत आहे. नवं गवत माशांना पोसत होतं. शेजारच्या नाल्यावरही गवत लावायचं ठरलं आहे. पेपरात मार्गारेटनी मला एक वाक्य लिहायला लावलं, की पहिल्या दोन वर्षांचे नमुने, गोळा करणाऱ्याकडून नकळत निवड झाल्यामुळे, वगळले आहेत. ते एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. वाचणाऱ्याला त्यात काहीच दिसणार नाही.

आई आता नागपूरला दादाकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. परवा मी तिला सांगितलं की डिसेंबरचं तिकीट काढलंय, आणि नागपूरहून दोन दिवस गावी जाऊन येईन म्हणते.

"गावी? घराले तं कुलूप आहे."

"तलावावर जाईन."

"डिसेंबरात?" आई म्हणाली. "डिसेंबरात तलाव भरला रायते व बाई. पाळीवर मासा नाही, मानूस नाही. पानीच पानी. काय पायशीन?"

"पाणी पाहीन," मी म्हटलं.



"मंग मले बी ने," ती म्हणाली.